व्यथेची हाक आणि रॉक संगीत

मनुष्याने आपली व्यथा गाण्यातून सांगावी, ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. जालना जिल्ह्यातील जांब या गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांची करुणाष्टके अनेक घरांत सायंकाळी म्हटली जातात. त्यांत पश्चात्ताप आहे, एकाकीपणा आहे. परंतु ती तळमळ मनातल्या मनात घुटमळत नाही. ती श्रीरामाला उद्देशून आहे. आपली हाक ऐकणारा कोणी आहे, हा विश्वासच तेथे धीर देतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे दिल्लीच्या 'ब्लडीवुड' या रॉक वाद्यवृंदाचा 'रक्षक' हा स्वरचित गीतांचा पहिला संग्रह समजणे सोपे जाते. तो 2022 साली प्रसिद्ध झाला. विजेवर वाजणाऱ्या गिटारींचा घनगंभीर नाद, ढोल, बासरी आणि गर्जनेसारखा कंठ यांमुळे प्रथम श्रवणी तो नुसता गोंगाट वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यातील 'जी वीरे' हे गीत नैराश्याने ग्रासलेल्या माणसासाठी रचलेले आहे. करुणाष्टकांत दुःखी जीव हाक मारतो. येथे दुःखी जिवालाच दुसऱ्या माणसाची हाक येते. उठून पुन्हा झुंज दे, असे ती सांगते आणि म्हणूनच ती मोठ्याने मारलेली आहे.

तथापि गीत हे उपचाराची जागा घेऊ शकत नाही. हे त्या कलावंतांनीही ओळखले होते. 2019 साली हे गीत प्रथम प्रसिद्ध करताना त्यांनी काही श्रोत्यांच्या समुपदेशनाचा खर्च स्वतः उचलला.