फोटो पोटाचा हवा

धाराशिवपासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. तरी तुळजापूरचं एखादं कुटुंब सुटीत लक्षद्वीपला किंवा अंदमानला गेलं, पाण्यात उतरलं आणि नशिबानं समोर मॅन्टा रे आला, तर त्यांनी काढलेला फोटो संशोधकांच्या उपयोगी पडू शकतो. फक्त तो पोटाच्या बाजूनं काढलेला हवा.

मॅन्टा हा आपल्या पाकटाचा भाईबंद. महाकाय मॅन्टाची पंखांसकट रुंदी सात मीटरपर्यंत जाते. पण त्याला डंख मारता येत नाही; तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि पाण्यातले बारीक प्लवक गाळून खायचे, एवढाच त्याचा उद्योग. पोटावरच्या काळ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि जन्मभर टिकते. त्यामुळे टॅग न लावता, नुसत्या फोटोंवरून एकेक मॅन्टा ओळखता येतो. मालदीवमध्ये गाय स्टीव्हन्स यांनी २००५ मध्ये हे काम सुरू केलं आणि पुढे २०११ मध्ये ‘मॅन्टा ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. पर्यटकांच्या फोटोंचीही भर पडत तिथे पाच हजारांहून अधिक मॅन्टांची नोंद झाली आहे. फोटोसोबत तारीख आणि जागा लागते. हात लावायचा नाही, तीन मीटर दूर राहायचं.

ही मोजदाद रिकामपणाचा छंद नव्हे. मादीला वर्षभराच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू होतं, तेही दर वर्षी नाही. उलट मॅन्टा आणि त्याचा जवळचा नातेवाईक डेव्हिल रे यांच्या कल्ल्यांतल्या गाळण्या वाळवून चीनमध्ये औषध म्हणून विकल्या जातात. गुणाचा पुरावा नाही, मागणी मात्र आहे. या व्यापारावर २०१३ पासून आंतरराष्ट्रीय बंधनं येत गेली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत मॅन्टाचा समावेश झाला.

कोकणात या संरक्षणाला जाळ्याचीही बाजू आहे. संरक्षित जलचर जाळ्यात अडकला, तर तो सोडवताना महागडं जाळं कापावं लागतं. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्यव्यवसाय विभागानं भरपाई योजना आणली: जाळं कापून कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) समुद्रात सोडायचा, फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा आणि पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. कागदपत्रांसाठी काढलेला हा फोटो विज्ञानाच्याही कामाचा आहे. उद्या एखाद्या होडीच्या जाळ्यात मॅन्टा अडकला, तर खलाशानं मोबाइल पाठीऐवजी पोटाकडे धरावा. होडीला त्याचा वेगळा खर्च नाही.