निळं कुत्रं बाकीच्या कुत्र्यांना कसं कळतं?

तळोजा (ता. पनवेल) : नवी मुंबईला लागून असलेल्या तळोजा एमआयडीसीत ऑगस्ट २०१७ मध्ये निळीशार झालेली कुत्री रस्त्यावर फिरताना दिसली. फोटो मोबाईलवरून जगभर गेले. एका कारखान्यातला रंग हवेत आणि पाण्यात सुटत होता, तो खाण्याच्या शोधात आत शिरणाऱ्या कुत्र्यांच्या केसांवर बसला. प्राणीमित्रांनी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला.

तेव्हा बऱ्याच जणांना पंचतंत्रातला निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा आठवला. जंगलातले प्राणी त्याला राजा समजून बसले होते. मग तळोज्यातली कुत्रीही फसली असतील का?

कुत्र्याला सगळं काळंपांढरं दिसतं, हा गैरसमज आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र जड जातो. हिरव्या गवतातला लाल चेंडू ते नाकाने शोधतं ते त्यामुळेच. म्हणजे निळा रंग बाकीच्या कुत्र्यांना दिसला असणार. पण कुत्रं कुत्र्याला रंगावरून ओळखतच नाही.

दोन कुत्री समोरासमोर आली की आधी काय करतात ते बघा. शेपटीखाली हुंगतात. आपल्याला किळस येते, पण त्यांचं आधारकार्ड तेच! नर की मादी, माजावर आहे का, ओळखीचं की परक्या गल्लीतलं, सगळं त्या वासात. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात १० कोटींच्या वर, काही जातींत तर ३० कोटींपर्यंत. शिवाय हुंगताना ते श्वास सोडतं तेव्हा हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. विजेच्या खांबावर पाय वर करणं म्हणजे गावच्या फळ्यावर निरोप लिहिणंच झालं.

कानही तसेच. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. गोष्टीतला कोल्हासुद्धा शेवटी ओरडल्यावरच पकडला गेला होता.

खरा धोका रंग दिसण्याचा नाहीच, चाटण्याचा आहे. अंगाला काहीही लागलं की कुत्रं ते जिभेने साफ करतं, म्हणजे केसांवरचं रसायन थेट पोटात. एमआयडीसीतलं जे, तेच होळीच्या रंगाचं आणि शेतातल्या औषधाचं. असं काही लागलं तर साबण-पाण्याने धुवा, रॉकेल किंवा थिनर लावू नका. कुत्रं थरथरू लागलं, तोंडातून फेस आला तर वाट बघू नका, औषधाचा डबा घेऊनच जनावरांच्या दवाखान्यात जा.

फवारणी करून घरी आलात की कुत्रं आधी तुमचे कपडे हुंगायला येतं. ते कपडे दारात टाकू नका, त्याचं तोंड पोचणार नाही असे उंच टांगा.