जीपचं स्टेअरिंग ढिलं झालंय? आधी जागा शोधा, मग पैसे मोजा



चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचं असो, भोकरदनचा किंवा अंबडचा बाजार करायचा असो, नाहीतर लेकीला बाळंतपणासाठी जालन्याला न्यायचं असो, आपल्या जिल्ह्यात अजूनही पुष्कळ ठिकाणी जुनी जीपच कामाला येते. कुणाच्या घरची चूल काळी-पिवळीवर पेटते, कुणी गटातून कर्ज काढून गाडी घेतलेली असते. चालवणारे बहुतेक वेळा घरातले पुरुष. पण मागच्या बाकावर आपण बसतो, आणि दुरुस्तीचं बिल आलं की बचतीचा डबाही आपल्यालाच उघडावा लागतो. म्हणून आज बोलू या ढिल्या स्टेअरिंगबद्दल.

आधी ढिलं म्हणजे काय ते समजून घेऊ. जात्याचा खुंटा हलायला लागला की काय होतं? हात आधी फिरतो, पाळू मागाहून फिरते. स्टेअरिंगचंही तसंच. चक्र थोडं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत. हे जे मोकळं फिरणं आहे, त्याला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. सरळ रस्त्यावरही ड्रायव्हर सारखा डावी-उजवी करत असेल, खड्ड्यातून गेल्यावर चक्र थरथरत असेल, वळताना खालून ‘टक’ असा आवाज येत असेल, पुढचे टायर एकाच बाजूने झिजत असतील, तर प्ले वाढलाय असं समजा.

किती प्ले चालतो? जुन्या जीपला थोडा प्ले असतोच. चाकं सरळ असताना चक्राच्या कडेला साधारण इंचभर असेल तर घाबरायचं कारण नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कायद्यानेही हद्द घातलेली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो, की प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळात बारावरून एकवर काटा जाईल एवढं अंतर. जीपच्या चक्राच्या कडेला ते चार इंच भरतं. पण ही शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत वाट बघायची नाही. दोन इंचांवर गेलं की तपासणी करा. आणि प्ले एका दिवसात अचानक वाढला, तर गाडी तिथेच उभी करा. कुठलातरी जोड सुटायच्या बेतात असू शकतो. आपल्याकडे रस्ते अरुंद, कितीतरी विहिरी रस्त्याला लागून. जोड सुटला तर ड्रायव्हर कितीही हुशार असो, त्याच्या हातात काही राहत नाही.

आता हा प्ले येतो कुठून? चक्रापासून चाकापर्यंत एक साखळीच असते. चक्राचा दांडा खाली स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून ड्रॉप आर्म बाहेर येतो. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते. दोन्ही चाकांना बांधून ठेवणारा लांब दांडा म्हणजे टायरॉड, आणि त्याच्या टोकांना बॉल जॉइंट, म्हणजेच टायरॉड एन्ड. चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती किंगपिन. आणि चाकाच्या आत हब बेअरिंग. प्रत्येक जोड थोडा-थोडा झिजतो आणि सगळ्यांची बेरीज चक्रावर दिसते. एकट्या बॉक्सवर ठपका ठेवला, की पैसे जातात आणि प्ले तसाच राहतो. महागडा बॉक्स सगळ्यात शेवटी बघायचा, हे आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

तपासणी सोपी आहे. दोन माणसं लागतात. सुरुवात टायरच्या हवेपासून करा. हवा कमी असली तरी गाडी इकडे-तिकडे ओढते. मग गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. एकाने वर बसून चक्र थोडं-थोडं डावीकडे, उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने पुढून, खाली वाकून एकेका जोडाकडे बघायचं. जोडाच्या अलीकडचा भाग हलतोय आणि पलीकडचा हलत नाही, तो जोड झिजलाय. डोळ्यांना दिसलं नाही तर जोडावर हात ठेवा, झटका बोटांना कळतो. स्टेअरिंग बॉक्सही चेसिसवर हलतो का ते बघा. कधी कधी त्याचे बोल्ट सैल झालेले असतात, आणि ते आवळल्यावर निम्मा त्रास संपतो.

त्यानंतर पुढचं एक चाक जॅकवर उचला. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली मजबूत घोडी लावलीच पाहिजे. आता चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर दोष हब बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये. कुठला ते ओळखायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हलत राहिलं तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे जे हलतं ते बहुधा टायरॉड एन्डमधून येतं.

जागा सापडली, की दुरुस्ती ठरते. टायरॉड एन्ड झिजला तर तो बदलायचाच. ठोकून घट्ट करणं किंवा वेल्डिंग मारणं चालणार नाही. बदलल्यावर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायरही झिजतील. हब बेअरिंग चांगलं असेल तर धुऊन, नवं ग्रीस भरून, नट नीट बसवून नवी पिन टाकतात. जुनी पिन परत वाकवून घालू देऊ नका, आणि पिनेच्या जागी तार तर मुळीच नको. किंगपिनचं काम मोठं. पिन आणि बुश दोन्ही बदलावे लागतात, आणि बुश मापात कापून घ्यावे लागतात. ते जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

हे सगळं ठीक असेल आणि तरीही प्ले राहिला, तरच बॉक्सकडे वळा. आधी त्यातलं तेल बघा. बॉक्सवर प्ले कमी करायचा एक स्क्रू असतो. काही जण तपासणी न करता तोच पहिल्यांदा आवळतात. प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, पण झिजलेला जोड तसाच राहतो. शिवाय स्क्रू जास्त आवळला तर चक्र जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि आतले दाते लवकर झिजतात. म्हणून हा स्क्रू चाकं सरळ असताना, अगदी थोडा-थोडा फिरवायचा असतो. नंतर चक्र दोन्ही टोकांपर्यंत कुठेही न अडकता फिरलं पाहिजे.

मिस्त्रीकडे गेल्यावर चार गोष्टी मागायला संकोच करू नका. “दादा, प्ले कुठे आहे ते हलवून दाखवा.” “बदललेला जुना भाग परत द्या.” “नवी पिन टाकलेली दाखवा.” “कामाची पावती द्या.” चांगला मिस्त्री असल्या विचारण्याने रागावत नाही, उलट खूश होतो.

ग्रीसची गोष्ट राहूनच जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळा चिखल. रबरी टोपी फाटली की माती आत जाते आणि जोडाची चाळण होते. फाटलेली टोपी लगेच बदला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सगळ्या निपलांना ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. गाडी रोज धावत असेल तर पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर मारत जा. जुन्या ट्रॅक्टरलाही साधं, पॉवर नसलेलं स्टेअरिंग असेल तर बहुतेक हीच तपासणी लागू पडते.

आणि एक दोष मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही. तो आपल्यालाच टाळावा लागतो. मागच्या फळीवर माणसं उभी राहिली, की गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि रस्ता नीट धरत नाहीत. स्टेअरिंग कितीही घट्ट असलं तरी मग गाडी ऐकत नाही. गाडी भरली असेल तर पुढची गाडी येईपर्यंत थांबा, ड्रायव्हरलाही तसं सांगा.

आठ वर्षांपुढच्या प्रवासी गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. त्याच्या महिनाभर आधी ही तपासणी केली, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. ज्या गटांनी गाडीसाठी कर्ज दिलंय, त्यांनी आपल्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत: प्ले किती इंच, ग्रीस कधी मारलं, कुठला भाग बदलला. पुढच्या बैठकीला टेप घेऊन गाडीपाशी या आणि पहिला आकडा सगळ्यांसमोर लिहा.