ताटातले रंग आणि बाटलीतल्या गोळ्या

औषधांच्या दुकानात अलीकडे एक नवे फडताळ दिसू लागले आहे. हळदीचा अर्क, हिरव्या चहाचा अर्क, टोमॅटोतील लायकोपिन, लसणाचे तेल अशा नाना गोळ्यांच्या बाटल्या तेथे मांडलेल्या असतात. ‘वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक’ असा त्यांचा लौकिक. ज्या घरांत कांदा, लसूण, गाजर, बीट शिजत नाही, तेथील तरुण पिढीला तर प्रश्नच पडतो : आपल्या आहारात या गुणकारी द्रव्यांची उणीव राहते काय, आणि ती गोळीने भरून काढावी काय?

वनस्पतीचे स्वसंरक्षण

वनस्पतीला शत्रूपासून पळता येत नाही. कीड, बुरशी आणि प्रखर ऊन यांना जागच्या जागी तोंड देण्यासाठी ती नाना रसायने तयार करते. कारल्याचा कडूपणा, आवळ्याचा तुरटपणा, मिरीचा तिखटपणा आणि जांभळाचा गडद रंग ही त्यांचीच रूपे होत. शास्त्रज्ञ त्यांना फायटोकेमिकल्स म्हणतात. जीवनसत्त्वांप्रमाणे ती जगण्यासाठी अनिवार्य नाहीत. तथापि ज्यांच्या आहारात भाज्या, फळे, कडधान्ये व सालीसकट धान्ये भरपूर असतात, त्यांच्यात हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग कमी आढळतात, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. या लाभात तंतू व जीवनसत्त्वे यांच्याबरोबर या रसायनांचाही वाटा असावा, असे मानले जाते.

कंदमुळांविना जमाखर्च

गाजराला केशरी रंग देणारे बीटा कॅरोटीन लाल भोपळा, पपई, आंबा आणि हिरव्या पालेभाज्यांतही असते. कांद्यातील क्वेर्सेटिन सफरचंदात आणि शेवग्याच्या पाल्यात मिळते. बीटाचा तांबडा रंग ताटात नसला, तरी जांभूळ व कोकम यांचे रंग वेगळ्या पण तितक्याच मोलाच्या द्रव्यांचे असतात. लसणातील ॲलिसिन जसेच्या तसे कोबीत वा हिंगात सापडणार नाही. मात्र कोबी, मोहरी आणि हिंग यांत गंधकयुक्त द्रव्यांचे आपापले प्रकार आहेत. ज्या तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते, त्या दिवशी मूग, मटकी, हरभरा ही कडधान्ये कामी येतात. त्यांच्या सालीत ही द्रव्ये अधिक असल्याने धुतलेल्या डाळीपेक्षा सालीची डाळ सरस ठरते. तीळ व जवस यांच्या चटण्यांतून लिग्नान नावाची द्रव्ये मिळतात.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते. या हिशेबात बटाटा, रताळे अशी पिष्टमय कंदमुळे धरलेली नाहीत. तेव्हा ताटात बटाटा नसल्याने या खात्यात काहीच कमी पडत नाही. उणीव राहते ती भाजी वाटीभर घेण्याऐवजी चमचाभर घेतल्याने.

फिनलंडचा धडा

मग गोळी घेऊन हे काम अधिक सोपे होणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमधील एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे. बीटा कॅरोटीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी असतो, हे आधी दिसून आले होते. म्हणून सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर, गोळीच्या रूपात दिलेल्या बीटा कॅरोटीनची परीक्षा घेण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा सारेच चकित झाले. ही गोळी घेणाऱ्यांत कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगातही हानी दिसू लागल्याने तो १९९६ साली मुदतीआधीच थांबवावा लागला. जे द्रव्य भोपळ्यात शेकडो सोबत्यांसह अल्प प्रमाणात येते, तेच एकटे काढून मोठ्या मात्रेत दिले की त्याचे वागणे बदलू शकते.

हळदीचेही तसेच आहे. तिच्यातील करक्युमिन शरीरात फार थोडे शोषले जाते. मिरीतील पायपरिन सोबत दिल्यास हे शोषण माणसात वीसपट वाढते, असे बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले. पण त्या प्रयोगात करक्युमिनची मात्रा २ ग्रॅम होती. हळकुंडाच्या पुडीत ते साधारण ३ टक्के असते, म्हणजे तेवढ्यासाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद लागेल. फोडणीतील चिमूटभर हळद आणि तीव्र अर्काची गोळी या दोन भिन्न वस्तू आहेत. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. शिवाय मऊ गोळ्यांचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. शाकाहारी कुटुंबाने वेष्टनावरील खूण पाहिल्याविना ती घेऊ नये.

स्वयंपाकघरातील युक्ती

टोमॅटो थोड्या तेलात शिजवल्यास त्यातील लायकोपिन कच्च्यापेक्षा चांगले शोषले जाते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. उकळलेल्या पालेभाजीचे पाणी टाकू नये. वरणभातावर लिंबू पिळण्याची रीत तर मोठीच गुणाची आहे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागते. हेच लोह जेवणासोबतच्या चहातील टॅनिनमुळे अडते. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. अशा वेळी जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर राखणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

मर्यादा ओळखाव्यात

ब-१२ जीवनसत्त्व मात्र कोणतीही भाजी वा फळ देत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळते आणि वृद्धापकाळी त्याचे शोषण अनेकदा मंदावते. मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा जाणवल्यास रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गोळी किंवा इंजेक्शन निःसंकोच घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल विचारूनच करावा. मधुमेहाचे औषध सोडून कारल्याच्या रसावर विसंबणे घातक ठरते.

गरज सिद्ध झालेली गोळी अवश्य घ्यावी. केवळ ‘असावी म्हणून’ घेतल्या जाणाऱ्या बाटलीचे पैसे मात्र ऋतूतील आवळे, पपई आणि एखादी जास्तीची पालेभाजी यांवर खर्च करावेत. त्यांचा लाभ घरातील प्रत्येकाला मिळतो.