मेंदूतील नकाशा

नकाशा काढताना आपण एक नियम पाळतो. जो प्रदेश मोठा, त्याला कागदावर जागा अधिक. जो लहान, त्याला कमी. परंतु हा नियम न पाळणारा एक नकाशा आपणां प्रत्येकाच्या मस्तकात आहे. तो आपल्याच शरीराचा नकाशा होय.

मेंदूचे बाहेरचे आवरण करड्या रंगाचे, घड्या पडलेले आणि अवघे दोन ते चार मिलिमीटर जाडीचे असते. त्यास बाह्यक म्हणतात. मेंदूच्या दोन्ही अर्धांवर माथ्यापासून कानाच्या दिशेने एक खोल खाच उतरलेली असते. या खाचेच्या पुढील पट्टीतून स्नायूंना हालचालीच्या आज्ञा जातात. मागील पट्टीत त्वचेकडून स्पर्शाची वार्ता येते. नवल असे, की उजव्या हाताचा कारभार डाव्या अर्धात चालतो आणि डाव्या हाताचा उजव्या अर्धात.

हे कळले कसे? १८७० साली बर्लिन शहरात फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन संशोधकांनी कुत्र्याच्या बाह्यकाच्या पुढील भागास सौम्य विद्युत्प्रवाह लावला. त्याबरोबर त्याच्या शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. जागा बदलली, की हलणारा स्नायूही बदले.

माणसाच्या मेंदूचा नकाशा मात्र रुग्णांच्या साहाय्याने तयार झाला. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वायल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूचा रोगट भाग काढावा, तर शेजारचा हात हलविणारा किंवा वाचेचा भाग दुखावण्याचे भय. आणि डोळ्यांना तर सारे बाह्यक सारखेच दिसते! तेव्हा त्यांनी रुग्णालाच वाटाड्या केले. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, ते एकेका बिंदूस सौम्य विद्युत्प्रवाह लावीत. कधी रुग्ण अंगठ्याला मुंग्या आल्याचे सांगे, तर कधी त्याच्या मनात नसताना त्याचा हात हले. त्या त्या जागी ते अंक घातलेली कागदाची चिमुकली चिठ्ठी ठेवीत. १९३७ साली पेनफील्ड आणि त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी ही सारी माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली.

या नकाशात पाय माथ्याजवळ आहेत. त्यांच्या खाली क्रमाने धड, हात, चेहरा आणि जीभ. मात्र एवढी रुंद पाठ, तिला जागा थोडी. आणि चिमुकले ओठ व बोटे यांना केवढी तरी! याची प्रचीती तुम्हांलाही घेता येईल. मित्राला डोळे मिटावयास सांगा. दोन बोथट पेन्सिलींची टोके एका बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर धरून त्याच्या पाठीला एकदम हळूच टेकवा. त्याला बहुधा एकच टोक जाणवेल. तीच टोके याहून जवळ आणून बोटाच्या अग्राला टेकवा. तेथे त्यास दोन्ही कळतील.

इतर सस्तन प्राण्यांचे नकाशे त्यांच्या जीवनक्रमास साजेसे असतात. उंदीर अंधारात मिशांनी वाट चाचपतो. १९७० साली वुल्सी आणि व्हॅन डेर लूस यांनी दाखवून दिले, की त्याच्या बाह्यकात प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा एकेक वेगळा पुंजका असतो. आणि मिशा जशा ओळींत, तसेच पुंजकेही ओळींत! उत्तर अमेरिकेत बिळात राहणाऱ्या एका प्राण्याच्या नाकाभोवती चांदणीसारखे २२ मांसल किरण असतात. त्यांनी तो भक्ष्य शोधतो. त्याच्या नकाशात या नाकाचेच राज्य मोठे.

तात्पर्य, मेंदू अवयवाचा आकार पाहत नाही, त्याचे काम पाहतो. शिवाय हा नकाशा दगडावर कोरलेला नाही. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना बाह्यकात इतरांपेक्षा अधिक जागा असते, असे १९९५ साली जर्मनीतील संशोधकांना आढळले. ज्यांनी लहानपणीच वादनास आरंभ केला होता, त्यांच्यात हा फरक अधिक होता. पक्षाघाताने दुर्बल झालेला हात पुनःपुन्हा हलविण्याचा सराव रुग्णाकडून करून घेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मुलांनो, सुंदर अक्षर असो, विणकाम असो वा तबला असो, तुमची बोटे नित्य जो अभ्यास करतील, त्याची नोंद या नकाशात होत असते.