माहूरच्या डोंगरातली पानगळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पानगळीचे रंग पाहायचे तर काश्मीर गाठायला हवं, असं उमरीपासून नांदेडपर्यंत बहुतेकांना वाटतं. चिनारच्या फोटोंनी हा समज पक्का केला आहे. प्रत्यक्षात नांदेड जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, माहूर-किनवटच्या डोंगरांत, सागाचं पानझडी जंगल आहे आणि दर वर्षी ते जवळजवळ उघडं होतं.

मात्र काश्मीरचं वेळापत्रक इथे चालत नाही. ऑक्टोबरात चिनार रंगू लागतो तेव्हा माहूरचं रान पावसाच्या ओलीवर हिरवंच असतं. म्हणून नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्यांना पानगळ दिसत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास येणाऱ्यांना ती भरभरून दिसते.

पानं थंडीने गळतात, हा दुसरा समज. इथे कारण आहे पाणी. पावसाळा सरला की जमिनीतली ओल खाली जाते आणि सागाच्या भल्यामोठ्या पानांतून वाफ तर उडतच राहते. मग झाड आधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्यातलं नत्र फांदीत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा थर तयार करून पान सोडून देतं. पिवळा रंग त्या वेळी नव्याने येत नाही. तो पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला.

लाल रंगाचा हिशेब तर उलटाच आहे. थंड मुलखात लाली गळणाऱ्या पानांवर चढते; आपल्याकडे ती कोवळ्या पालवीवर दिसते. मार्चमध्ये कुसुम लालभडक होतो, पिंपळ तांबूस. पळस तर पानं टाकून नुसत्या केशरी फुलांनी पेटलेला असतो. निष्पर्ण झाड म्हणजे वाळलेलं झाड, असं समजणाऱ्याने त्या पळसाखाली पाच मिनिटं उभं राहावं. फुलांतल्या मधासाठी मैना आणि बुलबुल नुसता गलका करतात.

सागाचं जाळीदार पान पाहूनही अनेकांना झाड मेल्यासारखं वाटतं. पान उजेडाकडे धरलं तर शीर न् शीर शाबूत दिसते, मधला हिरवा गर तेवढा गेलेला असतो. हे एका पतंगाच्या अळीचं काम. झाड त्याने सहसा मरत नाही.

माहूर फक्त भाविकांचं, हेही खरं नाही. पैनगंगेच्या वळणावरचा रामगड किल्ला, त्यावरचा तलाव, दत्तशिखर, अनसूया शिखर, पांडवलेणी, मातृतीर्थ ही ठिकाणं पायी पालथी घालण्यासारखी आहेत. पानं गळल्यावर झाडीआडून दऱ्या आणि तटबंदी मोकळी दिसते, ती पावसाळ्यात दिसत नाही. उमरीहून मुदखेडला गाडी बदलली की आदिलाबाद मार्गावर किनवट लागतं, पुढे एसटी. ऊन तापण्याआधी, सकाळीच चढावं. पाणी सोबत असू द्यावं.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र पाचोळ्याबद्दलचा आहे. तो जाळला की गवत जोमाने येतं आणि मोहाची फुलं वेचायला सोपी जातात, असं म्हणतात. पण त्या आगीत कोवळी रोपं जळतात. पहिल्या वळवात उतारावरची राख वाहून जाते आणि उघड्या पडलेल्या मातीचा गाळ खालच्या तळ्यात बसतो. मोहाखालची जागा खराट्याने झाडली किंवा जुनं लुगडं अंथरलं तरी फुलं तेवढीच मिळतात. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानतो, आणि राखीव जंगलात आग लावणं 1927च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. पर्यटकाची विझवायची राहिलेली विडी किंवा चुलही त्यातून सुटत नाही.