गायकवाडांचे तलाव आणि आप्पांचे कान



सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सुट्टीची दिशा ठरलेली असते. दोन दिवस मिळाले तर सापुतारा, चार मिळाले तर उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी पकडून सरळ गावाकडे. उत्तरेला आपण जातो ते लग्नाकार्याला, नाहीतर अहमदाबादला विमान पकडायला. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, शनिवार-रविवार जोडून मिळाला आणि आम्ही पाच जण उत्तरेकडच्या तलावांवर पक्षी बघायला गेलो. मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आई आणि आप्पा.

आप्पांना न्यायचं की नाही यावर घरात चर्चा झाली, हे कबूल करतो. आप्पांनी उधन्याच्या लूमच्या कारखान्यांत ३४ वर्षं काढली. आधी माग चालवले, शेवटची काही वर्षं कापड तपासणीला होते. लूमच्या खात्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि त्या काळी कानात कापसाचा बोळासुद्धा कोणी घालत नसे. आता त्यांना फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात आहे. "सगळंच मोठं ऐकू येतं, बोलणं काही ऐकू येत नाही," ही त्यांची तक्रार. हळूहळू ते बोलायचे कमी झाले, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. एक वाक्य तीनदा सांगायचा कंटाळा येतो. लेक तर हल्ली "काही नाही आबा" म्हणून विषयच संपवते. अशा माणसाला पक्ष्यांच्या किलबिलाटात नेऊन काय करायचं, असा प्रश्न होता. आई म्हणाली, "घरी एकटे बसून तरी काय करतील?" म्हणून ते आले.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. पहिला मुक्काम वढवाणा, डभोईजवळ. बडोद्याच्या मामांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, "अरे, तो आपल्या महाराजांचा तलाव." खरंच आहे. १९१० च्या सुमारास बडोदा संस्थानाने, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात, हा तलाव शेतीच्या पाण्यासाठी बांधला. ओरसंग नदीचं पाणी त्यात आणलं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केला नसणार. पण उथळ पाणी आणि भोवती शेती म्हटल्यावर पक्षी आपोआप आले, आणि २०२१ मध्ये वढवाणा रामसर यादीत गेला. पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडलंय.

वढवाण्याच्या बांधावर उभं राहिलं की समोर पाण्यावर राखाडी ठिपक्यांची रांग दिसते. ते कादंब हंस. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंबही म्हणतात. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. संशोधकांनी यंत्र बांधून सोडलेले काही हंस ७,००० मीटरच्या वर उडताना नोंदले गेले आहेत. आम्ही एक्स्प्रेस हायवेचा टोल भरून दमलो होतो. पाण्यात काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी शेकड्याने होते. त्यांचं मराठी नाव वारकरी आहे हे कळल्यावर आईने सगळ्यांना हात जोडले.

दुपारी दांडिया बाजारात मामांकडे जेवण. मामी सोडायला तयार नव्हत्या. त्याचं वर्णन करायला वेगळा लेख लागेल.

रविवारी पहाटे अंधारात सानंदमार्गे नळ सरोवर गाठलं. अहमदाबादहून हे साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. हे मात्र कोणी बांधलेलं नाही. कधीकाळी इथे खंभातचं आखात आणि कच्छचं आखात यांना जोडणारं समुद्राचं पाणी होतं असं मानतात. समुद्र हटला आणि हा खोलगट भाग राहिला. सुमारे १२० चौरस किलोमीटर पसारा, पण खोली जिथे सगळ्यात जास्त तिथेही तीन मीटरच्या आत. मध्ये साडेतीनशेच्या वर छोटी बेटं. १९६९ मध्ये अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये गुजरातची पहिली रामसर जागा.

इथे माझं एक जुनं पाप आहे. बारा वर्षांपूर्वी ऑफिसच्या पोरांबरोबर आलो होतो. फ्लेमिंगोंचा थवा उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होता. आम्हाला उडणारे हवे होते, फोटोसाठी. नावाड्याला शंभर रुपये जास्त दिले, त्याने बांबू पाण्यावर आपटला आणि गुलाबी ढग उठला. तो फोटो माझ्या लॅपटॉपवर कित्येक वर्षं होता. नंतर कधीतरी वाचलं की हिवाळाभर हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात, आणि दर बोटीने त्यांना असं उठवलं तर जमवलेलं उडण्यातच जातं. शनिवार-रविवारी बोटी किती सुटतात ते बघितल्यावर हा हिशेब करायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आमचा या वेळचा नावाडी पढार समाजाचा होता. नळकांठ्यातली ही मूळ मंडळी. मासेमारी, नाव चालवणं हेच पिढ्यान्पिढ्या. त्याने सुरुवातीलाच ओठांवर बोट ठेवलं. पुढे तो बोललाच नाही. बांबू रोवत नाव पुढे सरकवायची आणि हाताने दाखवायचं. तळहात पालथा म्हणजे खाली बसा, दोन बोटं म्हणजे जोडी, मूठ म्हणजे थांबा. आम्हाला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. लेक सारखी "काय? काय?" करत होती.

आप्पांना सगळं कळत होतं.

मला आधी लक्षातच आलं नाही. लूमच्या खात्यात कोणी तोंडाने बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, चहा आला, सगळं हातांनी आणि ओठांच्या हालचालींवरून चालतं. आप्पांनी ३४ वर्षं हीच भाषा वापरली होती. दहा मिनिटांत ते आणि नावाडी आपसात बोलायला लागले. त्यात कापड तपासणाऱ्याची नजर. शंभर मीटर कापडातला एक सुटलेला धागा पकडणारा माणूस, त्याला लव्हाळ्यात न हलता बसलेला पाणलावा दिसायला कितीसा वेळ लागणार? मी दुर्बीण फिरवत बसायचो आणि आप्पा लेकीच्या खांद्यावर टिचकी मारून बोट दाखवायचे. चमच्या, शेकाट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी. नावं मी पुस्तकात शोधायचो, पक्षी आप्पा.

मग फ्लेमिंगो दिसले. शेजारच्या बोटीतली तरुण मंडळी नावाड्याच्या मागे लागली होती, टाळ्या वाजवत होती. मी मान खाली घातली. आप्पा उठून उभे राहिले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात त्या आवाजात ओरडले, "कसाले उडाडतस रे? जेवू दे ना त्यास्ले!"

त्या पोरांना अहिराणी कळली नसेल, पण ती गप्प झाली. आप्पांच्या आवाजाने जवळची चार-पाच बदकं उडाली ती गोष्ट वेगळी. आमचा नावाडी "काका, धीमे धीमे" म्हणत पोट धरून हसला. फ्लेमिंगो चरत राहिले.

संध्याकाळी थोळ. हा पुन्हा गायकवाडांचाच. कडी हा त्यांचा प्रांत. १९१२ मध्ये सिंचनासाठी बांधलेला, सुमारे सात चौरस किलोमीटरचा तलाव, १९८८ पासून अभयारण्य. नळ सरोवरापेक्षा शांत, बांधावरून चालत बघता येतो, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना मी हाच सुचवीन. ऊन उतरत होतं. पलीकडच्या शेतात सारसांची जोडी उभी होती. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढे. महाराष्ट्रात आता गोंदियाकडे मोजकेच उरलेत. त्या दोघांनी माना वर केल्या आणि एकदम तुतारी फुंकल्यासारखी साद घातली. आधी एक, लगेच दुसरा.

आप्पा थांबले. "हे कोण बोललं?"

ते पाठमोरे होते, त्यांना सारस दिसलेच नव्हते. ऐकू आले होते.

रात्री हॉटेलात मी त्यांच्या जुन्या कानतपासणीचा फोटो मोबाइलवर शोधला. गोंगाटाने कान जातात ते आधी वरच्या पट्टीचे. आलेखाची रेघ ४,००० हर्ट्झजवळ दरीत कोसळलेली होती. चिमण्यांसारख्या बारीक पक्ष्यांचे आवाज वरच्या पट्टीतले, ते त्यांच्यासाठी गेलेच. लेकीचा किनरा आवाजही बराचसा तिथेच जातो. सारसाची हाक खालच्या पट्टीतली आणि दोन-दोन किलोमीटर जाणारी. मी हा आलेख तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून घेतला होता आणि न बघता फाइलला लावला होता. दिवसभर आलेख वाचणं हे माझं काम आहे.

लेकीला मी तो समजावून सांगितला. आता ती आबांशी बोलताना समोर येऊन उभी राहते आणि जाडा आवाज काढते. घरात कोणी वाघ पाळलाय असं शेजाऱ्यांना वाटत असेल.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उत्तरायणच्या दिवसांत वाटेत मांज्याचा त्रास असतो, शिवाय गर्दी. नळ सरोवरला उजाडायच्या आत पोचा, ऊन वर आल्यावर पक्षी लांब सरकतात. नाव ठरवतानाच सांगून टाका की पक्षी उडवायचे नाहीत. गाठिया सोबत असतील तर स्वतः खा. आपण कॉजवेवर तापीतल्या कुरवांना टाकतो तसे तिथे टाकू नका. कॉजवेवरही टाकू नयेत, पण ते भांडण नंतर. तीन दिवस नसतील तर आपल्या गवियर तलावावर रविवारी सकाळी दोन तास घालवा, तेवढंही पुरतं.

छोटं रण राहिलं. जवळजवळ ५,००० चौरस किलोमीटरचं घुडखर अभयारण्य आहे, २०२४ च्या गणतीत ७,६७२ घुडखर मोजले गेले. दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरतंय. गाडीत दोन जागा होऊ शकतात, मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर सांगा. दुर्बीण मात्र आपापली आणा. आमची आता आप्पांकडे असते.